नाक्यावरचे तिसरे उत्तर : थॉमस किंग यांची ‘बॉर्डर्स’ आणि नागरिकत्वाचा प्रश्न

थॉमस किंग यांच्या ‘वन गुड स्टोरी, दॅट वन’ (१९९३) या संग्रहातील ‘बॉर्डर्स’ ही कथा वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासक्रमांत वारंवार नेमली जाते. तिचे कथानक अगदी थोडके आहे. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातल्या राखीव वसाहतीत राहणारी एक ब्लॅकफूट स्त्री आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीला, थोरल्या मुलीकडे निघते. नाक्यावर अधिकारी तिला नागरिकत्व विचारतो. ती आपल्या लोकांचे नाव सांगते. कॅनडाच्या बाजूचे की अमेरिकेच्या, असे विचारल्यावरही तिचे उत्तर बदलत नाही. अमेरिका तिला आत घेत नाही. मागे वळावे तर कॅनडाच्या नाक्यावर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मायलेकरांना दोन नाक्यांच्या मधल्या ड्यूटी-फ्री दुकानासमोर, गाडीतच रात्री काढाव्या लागतात. पुढे दूरचित्रवाणीचे लोक येतात, गवगवा होतो आणि अखेर तेच उत्तर ऐकून अधिकारी त्यांना जाऊ देतात.

मराठी वाचकाला ही कथा वरवर सोपी वाटली, तरी तिचा गाभा चटकन हाती लागत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : ‘कॅनडियन’ म्हणायला बाईचे काय जात होते? हा प्रश्न भाबडा नाही. आपल्या वैचारिक परंपरेत नागरिकत्व हे मिळवायचे मूल्य आहे. १९२७च्या महाड सत्याग्रहापासून संविधानापर्यंतचा प्रवास आपण नाकारलेले नागरिकत्व मिळवण्याचा प्रवास म्हणून वाचतो, आणि ते वाचन रास्तच आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने रुजवलेली ‘नकार’ ही संकल्पनाही याच चौकटीत उभी आहे. त्या नकाराचा रोख समाजव्यवस्थेवर असतो. नागरिकत्व हे त्याच्या हातातले साधन असते. ‘बॉर्डर्स’मधील आई मात्र प्रत्यक्ष नागरिकत्वच परत करते आहे, निदान एका देशाने देऊ केलेले. आपल्या ‘नकारा’त तिचा नकार बसत नाही.

तो का बसत नाही हे समजण्यासाठी सीमेचा इतिहास पाहावा लागतो. ब्लॅकफूट संघात सिक्सिका, कायनाय आणि पिकानी हे गट येतात. पिकानींची दक्षिणेकडील शाखा आज मोन्टाना राज्यात ब्लॅकफीट या नावाने ओळखली जाते. ४९व्या अक्षांशावरची रेषा रॉकी पर्वतापर्यंत १८१८च्या कराराने कागदावर ठरली. मैदानी प्रदेशात ती प्रत्यक्ष आखली गेली ती १८७२ ते १८७४ या काळात. ब्लॅकफूट लोकांनी अमेरिकेशी १८५५ मध्ये करार केला होता. ब्रिटिश राजसत्तेशी त्यांचा ‘सातवा करार’ १८७७ मध्ये झाला. करार दोन सत्तांमध्ये होतात. राज्य आपल्याच प्रजेशी करार करीत नाही. म्हणजे ज्या दोन राष्ट्रांनी ब्लॅकफूटांना प्रथम करारक्षम सत्ता मानले, त्यांच्याच चौक्या पुढे ‘आमचे की त्यांचे’ असे विचारू लागल्या. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून सर्व मूलनिवासींना नागरिकत्व बहाल केले. (‘मूलनिवासी’ या शब्दाला आपल्याकडे निराळा राजकीय संदर्भ आहे याची जाणीव ठेवूनच तो येथे वापरला आहे, ‘आदिवासी’ म्हटल्याने डोळ्यांपुढे सातपुडा उभा राहतो आणि ‘इंडियन’ म्हटल्याने गोंधळच वाढतो.) होडेनोशोनी संघाने हे नागरिकत्व स्वीकारले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, त्यांचे प्रतिनिधी डेस्काहे स्वतःच्या संघाचा पासपोर्ट घेऊन जिनीव्हात राष्ट्रसंघापुढे गाऱ्हाणे मांडायला गेले होते. त्यांना ऐकवून घेतले गेले नाही. न मागता दिलेले नागरिकत्व हे कधीकधी आधीचे नागरिकत्व पुसण्याचे साधन असते, हे या इतिहासातून दिसते. ‘बॉर्डर्स’मधील आई या पुसण्याला नाक्यावर अडवते.

या कथेची प्रचलित वाचने दोन प्रकारची आहेत. पहिले वाचन संकरतेचे. होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) नंतर ‘तिसरा अवकाश’ ही संज्ञा इतकी रूढ झाली की, जिथे म्हणून दोन सीमांच्या मध्ये पात्र सापडते तिथे ती लावली जाते. ग्लोरिया अँझल्डुआ यांच्या ‘बॉर्डरलँड्स’ने (१९८७) सीमाप्रदेशालाच एक जाणीव मानण्याची वाट आधीच मोकळी केली होती. या दृष्टीने पाहता आई ही दोन्ही ओळखींच्या मधली, प्रवाही, सीमा ओलांडणारी व्यक्ती ठरते. परंतु संहिता याला साथ देत नाही. कथेतला ‘तिसरा अवकाश’ म्हणजे करमुक्त मालाच्या दुकानापुढची गाड्या लावण्याची जागा. तिथे सर्जनशील असे काही घडत नाही. मुलाला भूक लागते आणि रात्री थंडी वाजते. आई तिथे राहू इच्छीत नाही, तिला तिथे अडकवलेले आहे. तिचे उत्तरही संदिग्ध नाही. उलट कथेतील सर्वांत निःसंदिग्ध विधान तेच आहे. प्रवाही झाले आहे ते अधिकाऱ्यांचे बोलणे. ते आर्जव करतात, समजूत घालतात, वरिष्ठांना बोलावतात, प्रश्न फिरवून विचारतात.

संकरतेचे उत्तर कथेत येतच नाही असे मात्र नाही. ते येते, आणि ज्याच्या तोंडून येते ते ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण ब्लॅकफूटही आहोत आणि कॅनडियनही, असे मुलगा स्टेला या अधिकारी स्त्रीला सांगतो. तू अज्ञान आहेस, तुझे सांगणे धरता येत नाही, असे ती त्याला ऐकवते. किंग यांचा विनोद येथे फार बारीक आहे. दुहेरी ओळखीचा समंजस तोडगा उपलब्ध आहे, पण तो मुलाच्या तोंडी आहे आणि राज्ययंत्रणाच तो फेटाळते. संकरतेला सीमेवर दारे उघडी असतात, हा समीक्षेचा विश्वास नाक्यावर टिकत नाही.

दुसरे वाचन अस्मितेचे. आई स्वतःची सांस्कृतिक ओळख ठामपणे मांडते, म्हणून ही कथा अस्मितेची कथा. हे वाचन पहिल्याहून जवळचे असले तरी तेही चुकते, आणि चूक कुठे होते ते कथेतच दाखवून दिलेले आहे. कॅनडाच्या नाक्यावरची कॅरोल आईला जवळीक दाखवत सांगते की, आपण ब्लॅकफूट असतो तर आपल्यालाही त्याचा अभिमान वाटला असता. पण कागदावर मात्र दोहोंपैकी एक हवे. येथे राज्याने अस्मिता मान्य केलेली आहे. तिचे कौतुकही केले आहे. आईला हवे ते मात्र अभिमानाच्या खात्यात नाही, नागरिकत्वाच्या रकान्यात आहे. संस्कृती म्हणून मिरवा, सत्ता म्हणून बोलू नका, अशी ही वाटणी आहे. आणि आईच्या नावाला अस्मिता हे लेबल लावणारा समीक्षक नकळत कॅरोलच्याच शेजारी जाऊन उभा राहतो.

मराठीत ही वाटणी शब्दांतच दडलेली आहे. ‘अस्मिता’ हा शब्द ‘अस्मि’ या क्रियारूपापासून आलेला, उत्तमपुरुषी एकवचनी. योगसूत्रांत तर ती पाच क्लेशांपैकी एक गणली आहे. आधुनिक मराठीने तिला सद्गुण केले. ‘नागरिक’ शब्दात ‘नगर’ आहे. ‘नागर’ म्हणजे शहरी, संस्कारित, आणि त्याच्या पलीकडे ‘अनागर’. म्हणजे रानात, डोंगरात, गवताळ मैदानात राहणाऱ्याला आपली भाषा अस्मिता देऊ शकते, पण नागरिक म्हणताना तिला त्याला आधी नगरात आणावे लागते. ‘बॉर्डर्स’चे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. नाक्यावरचा एकशब्दी प्रश्न मराठीत आला की तो आपोआपच ‘तू कोणत्या नगराची?’ असा होतो.

कथेत आईला नाव नाही, मुलालाही नाही. अधिकाऱ्यांना नावे आहेत, दुकानदार मेलला आहे, मुलगी लेटिशियाला आहे. याकडे दुर्लक्ष झाले आहे, पण मला ते महत्त्वाचे वाटते. व्यक्तिगत ओळखीची कथा असती तर लेखकाने आईला नाव दिले असते. तिच्याजवळ तिच्या लोकांचे नाव तेवढे आहे.

लेटिशियाचे प्रकरण या दृष्टीने वाचावे. ती वडिलांच्या अमेरिकन असण्याचा आधार घेऊन सीमा सहज ओलांडते. तिला निरोप द्यायला आई सीमेपर्यंत आली होती. तिथे आई ब्लॅकफूट भाषेत बोलते आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देते. आई म्हणते येथून अजून डोंगर दिसतो, मुलगी म्हणते सॉल्ट लेकला डोंगर पुष्कळ आहेत. एवढ्याशा संवादात दोन भूगोल आहेत. आईचा डोंगर एकच आहे आणि तो पाहायला रेषेची कोणती बाजू हे ठरवावे लागत नाही. मुलीसाठी डोंगर ही अनेकवचनी, बदलून मिळणारी गोष्ट आहे. मुलीला दोषी ठरवण्याचा मोह लेखकाने टाळला आहे, हे विशेष. अभिमान आईत होता तसाच लेटिशियातही होता, असे निवेदक म्हणतो. गावांच्या नावांवरचा त्याचा शेराही असाच सहज येतो : स्वीटग्रास हे गोड नाव कॅनडाच्या बाजूला शोभले असते आणि कूट्स हे तुटक नाव अमेरिकेच्या, पण आहे उलटे. रेषा नावांवरूनही ओळखता येत नाही, एवढेच त्यातून कळते.

आईचा हटवादीपणा म्हणून जे दिसते, त्याचे मोजमाप कायद्याच्या पार्श्वभूमीवर केले तर चित्र आणखी स्पष्ट होते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १७९४च्या जे कराराच्या तिसऱ्या कलमाने सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मूलनिवासींना मुक्तपणे ये-जा करण्याचा हक्क मान्य केला होता. अमेरिकी कायद्यात तो आजही एका रूपात शिल्लक आहे : १९५२च्या स्थलांतर कायद्यानुसार कॅनडात जन्मलेल्या मूलनिवासीला प्रवेश नाकारता येत नाही, मात्र त्याच्या अंगी किमान ५० टक्के मूलनिवासी रक्त असले पाहिजे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५६ मध्ये, स्वतंत्र कायदा झाल्याखेरीज जे करारावर हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे सॉल्ट लेकला जाण्यासाठी आईला एक कायदेशीर वाट होती. जन्म कॅनडात, रक्त इतके टक्के, असे सांगून ती जाऊ शकली असती. पण त्या वाटेने गेले की करारातला लोकसमूह नाहीसा होतो आणि मागे राहते एक जन्मस्थान व एक टक्केवारी. कथा या कायद्याचा उच्चारही करीत नाही. तरी आईचे उत्तर नेमके याच दोन गोष्टी वगळते. ती जन्मस्थान सांगत नाही आणि रक्तही सांगत नाही.

मोहॉक अभ्यासक ऑड्रा सिम्प्सन यांनी ‘मोहॉक इंटरप्टस’ (२०१४) या ग्रंथात ‘नकार’ ही संज्ञा याच अर्थाने वापरली आहे : राज्याकडून मान्यता मागण्याऐवजी मान्यता देण्याचा त्याचा अधिकारच न मानणे. आपल्या ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ या जोडीशी त्याची तुलना कुणीतरी सविस्तर करायला हवी. दोन्ही नकार अपमानातून जन्मलेले आहेत, पण एक दार उघडण्यासाठी आहे आणि दुसरा, दार कोणाचे, हे विचारण्यासाठी.

निवेदनतंत्राविषयी थोडे. मुलाचे निवेदन विनोदी आहे, पण त्याचा विनोद समीक्षकांनी गृहीत धरल्यासारखा निरागस नाही. देश नसलेला इंडियन असणे कसे वाटते, असे वार्ताहर त्याला विचारतात. तो सांगतो, आमचे वसाहतीत छान घर आहे, चुलतभावांकडे दोन-चार घोडे आहेत. प्रश्नाला उत्तर मिळाले नाही असे वार्ताहराला वाटले असेल. वास्तविक मिळाले आहे : ज्याला घर, नातलग आणि फिरायला जमीन आहे त्याला देश नाही असे कसे म्हणावे? याच रात्रींत आई त्याला ताऱ्यांच्या गोष्टी सांगते, सावकाश, काही भाग पुन्हा पुन्हा, जणू त्याने त्या ध्यानात ठेवाव्यात. या गोष्टी म्हणजे लोककथांची सजावट नव्हे. नाक्यावर ती ज्या नावाने उत्तर देते आहे त्या नावात काय काय येते, ते मुलाला सांगण्याची ही वेळ आहे.

शेवट मात्र कथेचा दुबळा भाग आहे असे मी मानतो. दूरचित्रवाणी आली आणि प्रश्न सुटला, हे सुटणे फार सोपे आहे. आईला प्रवेश मिळतो तो हक्काने नाही, अधिकाऱ्यांची अडचण झाली म्हणून. तिच्यानंतर येणाऱ्या, कॅमेरा सोबत नसलेल्या बाईचे काय? किंग यांच्या सौम्य विनोदाने हा प्रश्न झाकला जातो. वास्तवात असे सुखान्त विरळाच. २०१० मध्ये होडेनोशोनींचा लॅक्रॉस संघ स्वतःच्या पासपोर्टवर मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाला, तेव्हा प्रसिद्धी भरपूर मिळाली; ब्रिटनने व्हिसा दिला नाही आणि संघ खेळू शकला नाही.

आता या कथेच्या वाचनात एक नवी अडचण उभी राहिली आहे. किंग यांचा जन्म कॅलिफोर्नियात, कारकीर्द बहुतांशी कॅनडात. वडिलांकडून चेरोकी असल्याची कौटुंबिक समजूत त्यांनी आयुष्यभर बाळगली आणि मूलनिवासी लेखक म्हणूनच ते वाचले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केले की, वंशावळीच्या शोधात चेरोकी पूर्वजांचा पुरावा सापडला नाही. त्यामुळे ‘बॉर्डर्स’ अभ्यासक्रमातून काढावी काय, अशी चर्चा होणे स्वाभाविक आहे. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेने मराठी वाचकाला, मंचावर कोण चढतो आणि कोणाचे दुःख कोण सांगतो, हा प्रश्न कधीचा विचारून ठेवला आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही. मूलनिवासी लेखकांसाठीची थोडी जागा दुसऱ्या कुणी व्यापली असेल, तर ते नुकसान खरे आहे, हेतू निर्मळ असला तरी.

परंतु कथेचा तर्क या घटनेने मोडत नाही. मला तर वाटते तो अधिक कठोरपणे सिद्ध होतो. ब्लॅकफूट असण्याचा दावा किंग यांनी कधी केला नव्हता, आणि आईचा दावा कुणाच्या वंशावळीवर उभा नाही. आपण कोण, हे अंतःकरणात वाटणे म्हणजे अस्मिता. एखाद्या लोकसमूहाचे सदस्य असणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती ठरवण्याचा अधिकार त्या समूहाकडे असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्याचे ३३वे कलम हेच म्हणते, आणि ३६वे कलम सीमांनी विभागलेल्या लोकांचा परस्परसंबंधांचा हक्क सांगते. (तेव्हा कॅनडा आणि अमेरिका दोघांनीही विरोधी मत दिले होते, भारताने बाजूने दिले.) ब्लॅकफूट हे जर खरोखर नागरिकत्व असेल तर त्यालाही सीमा आहेत, नोंदी आहेत, आत कोण व बाहेर कोण हे ठरवण्याची रीत आहे. आईने नाक्यावर जे मागितले ते सीमाविहीन जग नव्हते. लेखकाला स्वतःच्या आयुष्यात जो नियम उशिरा आणि कटूपणे लागू झाला, तो त्याच्या पात्राने कितीतरी आधी मांडला होता.

किंग यांनी ‘गॉडझिला विरुद्ध पोस्टकलोनियल’ या १९९०च्या निबंधात ‘वसाहतोत्तर’ या संज्ञेवर आक्षेप घेतला होता : ती युरोपीयांच्या आगमनापासून काळ मोजू लागते. तो आक्षेप कुणी घेतला यावर त्याची ग्राह्यता अवलंबून नाही. मराठीत देशीवादाच्या चर्चेने काळ मोजण्याची सुरुवात मागे नेली खरी. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीतली ‘देशी’ ही भूमीशी आणि भाषेशी जोडलेली आहे. पण ‘देशी’ आणि ‘राष्ट्रीय’ यांची गाठ नाक्यावर पडली तर काय होते, हे त्या चर्चेत फारसे आले नाही. आपल्याकडे ती गाठ पडत नाही असे नाही. घटनेच्या ३४२व्या कलमानुसार अनुसूचित जमातींची यादी राज्यानिहाय असते. आंध्र प्रदेशातल्या अशा एका जमातीतील विद्यार्थ्याला मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या आधारे प्रवेश मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले, कारण त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नव्हती. ही राज्यांची हद्द आहे, राष्ट्रांची नव्हे, आणि विद्यार्थ्याचे नागरिकत्व अबाधितच राहिले. तेव्हा तुलना फार ताणू नये. तरीही राज्याची रेषा ओलांडताच माणसाचा समूह कागदावरून गळून पडतो, हे दृश्य ‘बॉर्डर्स’च्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

कॅनडात २०२१ मध्ये डेसॉटेल खटल्याचा निकाल लागला. सिनिक्स्ट लोकांना कॅनडाच्या सरकारने १९५६ मध्ये आपल्या हद्दीत नामशेष ठरवले होते. त्या लोकांपैकी रिचर्ड डेसॉटेल हे अमेरिकेत राहणारे, अमेरिकी नागरिक. त्यांनी २०१० मध्ये ब्रिटिश कोलंबियात पूर्वजांच्या रानात एल्कची शिकार केली. जो कॅनडाचा नागरिक नाही आणि रहिवासीही नाही, तोही ‘कॅनडाच्या मूळ लोकां’मध्ये मोडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. शिकारीचा हक्क त्यांना मिळाला. त्या रानापर्यंत जाण्यासाठी सीमा ओलांडण्याचाही हक्क त्यात येतो काय, हा मुद्दा न्यायालयाने निर्णयाविना ठेवला.